पाइपचा आकार : डोळ्यांना भावणारा आणि हाताला साधणारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला तंबाखूच्या पाइपांवरचा सचित्र लेख मी दोनदा वाचला. छायाचित्रे सुरेख होती आणि लेखकाचा जिव्हाळाही जाणवत होता. मात्र नवा पाइप घेणाऱ्याने पाहताक्षणी मनात भरेल तोच आकार उचलावा, बाकीचे सवयीने जमते, असा जो सल्ला लेखाच्या शेवटी दिला आहे, तो मला मुळीच पटला नाही. भुसावळला रेल्वेत फिटर म्हणून मी उभी नोकरी केली आणि तीस वर्षांहून अधिक काळ पाइप वापरतो आहे, या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे. तंबाखू शरीराला घातक आहे आणि ज्यांना सवय नाही त्यांनी ती लावून घेऊ नये, असेच मला वाटते. परंतु जे ओढतातच, त्यांच्यासाठी आकाराचा प्रश्न खरा आहे.

मी स्वतः याच सल्ल्याने फसलो आहे. नोकरीत कायम झाल्यावर मुंबईच्या एका दुकानातून मी पूर्ण वाकडा, इंग्रजीत ज्याला फुल बेंट म्हणतात तसा पाइप घेतला. काचेच्या कपाटात तो इतका देखणा दिसत होता की मी तो हातात घेऊन पाहिलासुद्धा नाही. पैसे दिले आणि खोक्यासकट घरी आणला. महिनाभरात त्यातून गुरगुर ऐकू येऊ लागली, चव आंबूस झाली आणि प्रत्येक वेळी वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या खळग्याच्या, तळाशी ओल्या तंबाखूचा काळा चिखल उरू लागला. सफाईची काडी, म्हणजे सुती धागा वळलेली ती लवचिक तार, बाकापर्यंत जाई आणि तिथेच अडे. अखेर एका सुट्टीच्या दिवशी मी दांडी आणि तोंडाकडची नळी वेगळी केली आणि उजेडाकडे धरून आत पाहिले. दोन्ही भोके एका रेषेत भेटतच नव्हती. मध्ये बाजरीच्या दाण्याएवढी पायरी राहिली होती. शिवाय धूर ओढून घेणारे भोक वाटीच्या अगदी तळाला उघडायला हवे, ते चांगले चार-पाच मिलिमीटर वर उघडले होते. असे काम आमच्याकडे कोणी करून आणले असते, तर मुकादमाने ते परत पाठवले असते.

यात दोष वाकड्या आकाराचा नव्हे, पण तो आकार कारागिराची परीक्षा पाहतो, हे खरे. तंबाखूत पाणी असते आणि ती जळतानाही वाफ होते. ही वाफ नळीत थंड होऊन थेंब धरते. सरळ पाइपात काडी एका टोकाने घातली की दुसऱ्या टोकाला निघते आणि ओल टिपून आणते. वाकड्यात ती ओल बाकाच्या सर्वांत खालच्या जागी साचते, आणि भोक नीट पाडलेले नसेल तर काडी तिथे पोचतच नाही. डब्लिनच्या पीटरसन कंपनीने 1890 साली ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिच्यात दांडीच्या पोटातच ओल साठवणारा एक छोटा हौद ठेवलेला असतो. वाकड्या पाइपाची अडचण जाणत्या कारागिरांनाही किती जाचत होती, हे त्यावरून कळावे.

वाकड्या पाइपाचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. दोन्ही हात कामात असताना पाइप दातांत धरावा लागतो, आणि तेव्हा हिशेब तरफेचा असतो. सरळ पाइपाची वाटी दातांपासून चौदा-पंधरा सेंटिमीटर पुढे लोंबते. वाकड्याची हनुवटीखाली, म्हणजे बरीच जवळ येते. वजन तेवढेच असूनही जबड्यावरचा भार कमी होतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत दिवसभर वावरणाऱ्या एका स्नेह्यांना म्हणूनच मी हलका, थोडासाच वाकलेला पाइप घ्या, असे सांगितले होते आणि ते आजही तो वापरतात. ओसरीवर बसून हातात धरणाऱ्याला या गुणाचा काही उपयोग नाही. त्याने सरळ दांडीचा, गोलसर उभ्या वाटीचा साधा बिलियर्ड घ्यावा. चर्चवॉर्डन नावाच्या पाइपाची हातभर लांब नळी चित्रात फार शोभते, पण ती खिशात मावत नाही आणि जरा धक्का लागला की मोडते. पोकर या आकाराला सपाट बूड असते, तो टेबलावर उभा राहतो. दिसायला ठोकळाच, पण मला तो फार आवडतो.

आपल्याकडच्या हवामानाचा विचार लेखात कुठेच नव्हता, याची मला खंत वाटली. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. अशा दिवसांत पातळ भिंतीची नाजूक वाटी तळहाताला चटका देते. जाड भिंतीची, थोडी बोजड दिसणारी वाटीच तेव्हा सुखाची वाटते. काळी चकचकीत एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, नळी खिडकीत उन्हात राहिली की हिरवट-तपकिरी पडते आणि तिला गंधकासारखी चव येते. अॅक्रिलिकची नळी तशी विटत नाही, पण दातांना कडक लागते.

रूपाला काहीच किंमत नाही, असे मी म्हणत नाही. पाइप ज्यातून कोरतात ते ब्रायर म्हणजे भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाजवळची गाठ. तिच्यातल्या रेषा उभ्या येतील असा ठोकळा फिरवून, वर रुंद होत जाणारी डब्लिन आकाराची वाटी कोरली, की त्या रेषा ज्वाळेसारख्या वर पसरतात आणि आडव्या छेदात बारीक डोळे उमटतात. हे सौंदर्य कामातून आलेले असते, त्याचा मोह जरूर व्हावा. जाड वॉर्निशच्या चकाकीचा मात्र होऊ नये, कारण तिच्याखाली पुट्टीने बुजवलेले खड्डे सहज लपतात. लहानपणी आमच्या आठवडे बाजारात कुंभार मातीच्या चिलमी मांडून बसत. वर रुंद, खाली निमुळती, आत आरपार सरळ भोक; खडा काढला आणि चिंधी ओढली की चिलीम स्वच्छ. तिच्यावर एक रेघही जास्तीची नसे, आणि तरी ती बेढब कधी दिसली नाही.

दुकानात जाणाऱ्याने सफाईची काडी बरोबर न्यावी आणि पैसे देण्यापूर्वी ती तोंडाकडून वाटीच्या तळापर्यंत जाते का, हे स्वतः पाहावे. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसरे दुकान गाठावे. आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर प्रत्येक छायाचित्राखाली पाइपचे वजन व लांबी छापावी आणि एखादा तरी पाइप उभा चिरून आतले भोक दाखवावे, अशी विनंती आहे. चिरण्यासाठी माझा तो मुंबईचा पाइप मी आनंदाने पाठवून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ