अनुकृती करावी, पण थराथराने

महोदय,

तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकणाऱ्याने प्रबोधनकाळातील एखाद्या श्रेष्ठ चित्राची अनुकृती केली, तर त्याची स्वतंत्र दृष्टी खुंटते, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. तो मला मान्य नाही. राफाएलने १५१४-१५ च्या सुमारास रंगवलेले, आज लूव्र संग्रहालयात असलेले इटालियन दरबारी व लेखक बाल्दासारे कास्तिल्योने यांचे व्यक्तिचित्र पुढे चित्रकार रुबेन्सने तैलरंगात उतरवले होते. १६३९ मध्ये राफाएलचे मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या लिलावात आले, तेव्हा डच चित्रकार रेम्ब्राँने त्याचे रेखाटन केले आणि १६४० च्या त्याच्या आत्मचित्रात त्या बैठकीचा प्रभाव स्पष्ट दिसतो. या दोघांची दृष्टी खुंटली, असे कोण म्हणेल?

माझा आक्षेप आहे तो अनुकृतीच्या रूढ झालेल्या रीतीवर. छापील प्रतिमेत गालाचा जो रंग दिसतो, तो पॅलेटवर जुळवून थेट कॅनव्हासवर लावला जातो, आणि मग चेहरा पिठूळ व निर्जीव का दिसतो, हे विद्यार्थ्याला उमगत नाही. त्या काळच्या तैलचित्रांतील त्वचेची खोली बहुधा एका रंगात नसून, खालचा थर वरच्या पातळ, पारदर्शक थरातून जाणवत राहण्यात असते. म्हणून आधी अंबरसारख्या (मातकट तपकिरी) एकाच रंगात छायाप्रकाश पूर्ण करावा, तो वाळू द्यावा आणि मगच रंगाकडे वळावे. तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होत असल्यामुळे वाट पाहणे येथे अपरिहार्यच आहे. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे ठेवले नाहीत, तर कालांतराने भेगा पडतात.

चित्राची निवडही विचारपूर्वक व्हावी. मोनालिसाच्या चेहऱ्यावरील अतिसूक्ष्म छटांशी नवख्याने झुंजू नये, असे माझे मत आहे. कास्तिल्योने यांच्या चित्रात काळा, करडा, पांढरा आणि तपकिरी एवढेच रंग प्रामुख्याने असल्याने सारे लक्ष चेहऱ्यावर राहते, आणि उजेडाकडून सावलीकडे जाताना त्वचा कशी किंचित थंड, करडी होते, हे निवांत पाहता येते.

लूव्रमध्ये अनुकृती करणाऱ्याला मूळ चित्राच्याच मापाची प्रत करता येत नाही. हा नियम वर्गातही लागू करावा, अशी कलाशिक्षकांना माझी विनंती आहे. माप बदलले की नुसते गिरवणे पुरत नाही, डोळे, नाक आणि हनुवटी यांमधील अंतरे विद्यार्थ्याला स्वतः जोखावी लागतात.

आपला,
एक कलाभ्यासक