साडेपाचनंतरचे महाविद्यालय

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

जुलै उजाडला की पुण्यातल्या महाविद्यालयांच्या आवारात एकच प्रश्न फिरू लागतो: यंदा आपला संघ ‘पुरुषोत्तम’ला कोणती एकांकिका करणार? महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात होते. प्राथमिक फेरीत साधारण ५० संघ उतरतात आणि त्यांतले ९ अंतिम फेरीत जातात. स्पर्धेचे निकाल आपल्या दैनिकात दरवर्षी छायाचित्रांसह येतात. परंतु त्या तासाभराच्या प्रयोगाआधीचे जे चाळीस-पन्नास दिवस असतात, ते विद्यार्थी कुठे घालवतात, याविषयी कधी काही छापून आल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याविषयी लिहिण्यासाठी आणि एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र पाठवत आहे.

मी मूळची बार्शीची. पुण्यातल्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकते आणि गेल्या वर्षी आमच्या संघात पडद्यामागे काम केले. महाविद्यालयात आल्यावर पहिले वर्ष मी जवळजवळ कुणाशी न बोलता काढले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. आमच्या वर्गात १२० मुले आहेत. तास संपला की निम्मी शिकवणीला पळतात, उरलेली बस गाठतात, आणि ज्यांना कुठेच जायचे नसते ती वसतिगृहाच्या खोलीत जाऊन मोबाइल उघडतात. अंगठा लावून हजेरी द्यायची आणि निघायचे, एवढाच महाविद्यालयाशी संबंध. त्यात दुसऱ्याच आठवड्यात प्रयोगशाळेत “मी काल आलते, पण सर नव्हते,” असे माझ्या तोंडून गेले आणि बाकावरची सगळी मुले हसली. ती काही वाईट मुले नव्हती. त्यांतली दोघे आज माझे चांगले मित्र आहेत. पण त्या दिवसानंतर कित्येक महिने मी वर्गात मराठी बोललेच नाही. विचारले तर मोडक्या इंग्रजीत उत्तर द्यायचे, नाही तर गप्प बसायचे.

दुसऱ्या वर्षी सूचनाफलकावर नाट्यमंडळाच्या वाचनाची सूचना लागली होती. मैत्रीण नव्हती, संध्याकाळ रिकामी होती, म्हणून मी जाऊन मागच्या रांगेत बसले. एकांकिका दुष्काळी गावातली होती आणि वाचणारी मुले पुण्या-मुंबईत वाढलेली. मालिकांमध्ये ऐकलेली एक ठोकळेबाज ग्रामीण भाषा ती बोलत होती, प्रत्येक वाक्यात ‘म्या’ आणि ‘जी’ घालून. माझ्याही नकळत मी म्हणाले, “आमच्याकडं असं कुणी बोलत नाही.” खोलीत शांतता पसरली. दिग्दर्शक असलेल्या दादाने विचारले, “मग कसं बोलतात?” मी ती चार वाक्ये बोलून दाखवली. त्याने संहिता माझ्या हातात दिली आणि म्हणाला, उद्यापासून सगळ्यांची भाषा तू बघायचीस. ज्या ‘आलते’ला वर्ग हसला होता, तेच ‘आलते’ नीट उच्चारावे म्हणून पुढचा दीड महिना आठ मुले माझ्यासमोर बसून घोकत होती. आईची भूमिका करणारी मुलगी तर रोज रात्री माझ्या आजीशी फोनवर बोलायची. तिला आजीचा हेल हवा होता आणि आजीला बोलायला माणूस हवे होते. स्पर्धा होऊन गेली तरी त्यांचे फोन थांबलेले नाहीत.

मैत्री कशी होते हे मला त्या दीड महिन्यात कळले. ध्वनिसंयोजन सांभाळणारा मुलगा नागपूरचा, संगणकशास्त्राचा. भौतिक रसायनशास्त्रातली ऊष्मागतिकी मला काही केल्या उमगत नव्हती, ती त्याने तालमीच्या मधल्या सुट्टीत जिन्यात बसून मला शिकवली. नेपथ्याच्या चौकटींना कापड ठोकणारी वाणिज्य शाखेची मुलगी घरून रोज एक पोळी जास्त आणायची आणि ती कोणासाठी आहे हे कधी बोलून दाखवायची नाही. वेगवेगळ्या शाखांची ही मुले वेळापत्रकात एकमेकांना कधी भेटलीच नसती. मुले एकत्र यावीत म्हणून महाविद्यालये स्नेहसंमेलन घेतात, एका रंगाचे टी-शर्ट वाटतात, ‘डेज’ साजरे करतात. ते सगळे मी पहिल्या वर्षी लांबून पाहिले आणि त्यातून माझ्याशी एकही माणूस जोडला गेला नाही. जोडली गेली ती खिळे शोधताना, ओली लाकडे वाळवताना, एकाच प्रवेशाची विसावी तालीम करताना. कुणीतरी आपल्यावर एक काम सोपवले आहे आणि आपण गेलो नाही तर ते अडून राहील, ही जाणीव माणसाला त्या जागेशी बांधून घेते.

आता अडचणीचे सांगते. आमच्या महाविद्यालयात सभागृह आहे, रंगमंच आहे, दिवेही आहेत. परंतु सायंकाळी साडेपाचला सगळ्या खोल्यांना कुलूप लागते आणि सहा वाजता सुरक्षारक्षक आवार रिकामे करतात. तास पाचला संपतात, म्हणजे तालमीला उरतो अर्धा तास. परवानगीसाठी आम्ही तीन अर्ज दिले. एकाला तोंडी नकार मिळाला, दोन अर्जांचे उत्तर आले नाही. मग तालमी सुरू झाल्या त्या एका सदस्याच्या इमारतीच्या गच्चीवर. पाऊस आला की खाली वाहनतळात यायचे. चौथ्या दिवशी तिथल्या रहिवाशांनी तक्रार केली आणि ती रास्तच होती, कारण रात्री आठ वाजता खाली कुणी हंबरडा फोडत असेल तर वर अभ्यास करणाऱ्या मुलांनी काय करावे? तिथून आम्ही एका मंदिराच्या सभामंडपात गेलो. तिथे आरतीची वेळ सोडून बसू दिले, त्या पुजारीकाकांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण कीर्तनाचा सप्ताह सुरू झाल्यावर तीही जागा गेली. उरलेले दिवस नदीकाठच्या एका मोकळ्या शेडमध्ये, मोबाइलच्या उजेडात काढले. रंगमंचाची लांबी-रुंदी आम्ही तिथल्या जमिनीवर खडूने आखली होती आणि पावसाने ती दर दोन दिवसांनी पुसली जात होती.

या सगळ्याचा सर्वांत जास्त भार मुलींवर पडला. आमच्या वसतिगृहाचे दार साडेआठला बंद होते. महाविद्यालयाच्या आवारातच तालीम असती तर मुली साडेआठच्या आत पाच मिनिटांत खोलीवर पोहोचल्या असत्या. नदीकाठावरून पोहोचण्यासाठी साडेसातलाच निघावे लागे, म्हणजे खरी तालीम सुरू होताना मुली बाहेर पडत. मुलग्यांच्या वसतिगृहाला अशी वेळ नाही. गावाकडच्या शिक्षिकेची भूमिका करणाऱ्या प्रथम वर्षाच्या एका मुलीने तीन आठवडे धावपळ केली. दोनदा तिला दारात उभे राहून लेखी खुलासा द्यावा लागला आणि दुसऱ्या खुलाशाची प्रत घरी गेली. घरच्यांनी नाटक बंद करायला सांगितले. ती भूमिका आम्ही बदलून मुलग्याला दिली, संवाद फिरवले, प्रयोग पार पडला. ती मुलगी आता मधल्या सुट्टीत दिसते तेव्हा मान खाली घालून निघून जाते, जणू तिनेच आम्हाला अर्ध्या वाटेत सोडले. तिने काहीही चूक केलेली नाही, हे तिला निदान या पत्रातून कळावे अशी माझी इच्छा आहे.

प्रयोगाच्या दिवशी भरत नाट्य मंदिरात आमची दीडशे मुले आली होती. त्यांतल्या बहुतेकांना एकांकिकेचे नावही ठाऊक नसावे. पडद्याआड मी चुलीजवळच्या भांड्यांची मांडणी तपासत होते आणि बाहेरून आरोळी आली, “अरे, आवाज कुणाचा?” दोन वर्षे ज्या महाविद्यालयाचे नाव मी फक्त अर्जांवर लिहीत होते, ते नाव दीडशे गळ्यांतून एकदम ऐकले आणि विंगेत उभ्या उभ्या मीही ओरडले. घंटा झाली तसे सगळे थिएटर चिडीचूप झाले. आम्ही अंतिम फेरीत गेलो नाही. रात्री पावसात चौकटी टेम्पोत चढवताना आमची चारच मुले उरली होती, तेव्हा दुसऱ्या एका महाविद्यालयाची मुले न बोलावता आली, त्यांनी हात लावला आणि नावसुद्धा न सांगता निघून गेली. मी गावी आई-वडिलांना स्पर्धेबद्दल सांगितले ते एवढेच.

२०२२ साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या पात्रतेची नसल्याचा निर्णय दिला, तेव्हा वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. विद्यार्थी वाचत नाहीत, मालिका आणि मोबाइल यांनी त्यांची दृष्टी बिघडवली, असे अनेकांनी लिहिले. मी तेव्हा बारावीत होते आणि ती चर्चा बार्शीत बसून वाचली होती. त्यांतले काही खरेही असेल, परीक्षकांचा अधिकार मी नाकारत नाही. पण आज आतून पाहिल्यावर वाटते की, ही मुले तालीम कुठे करतात हे त्या चर्चेत कुणीतरी विचारायला हवे होते. खडूची रेघ पुसली गेल्यावर अंदाजाने उभे राहणाऱ्या नटाला रंगमंचाचे भान कसे येणार? डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे दोघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीचा अवघड अभ्यास करत असतानाच नाटक करत होते, हे आम्हाला भाषणांतून नेहमी ऐकवले जाते. ते ऐकवणाऱ्यांनी आजच्या विद्यार्थ्याला संध्याकाळी सात वाजता बसायला एक खोली मिळते का, हेही पाहावे.

महाविद्यालयांची बाजू मला समजते. आवारात रात्री काही अपघात झाला तर जबाबदारी प्राचार्यांवर येते. रॅगिंगविरोधी कायदा आपल्या राज्यात १९९९ पासून आहे आणि तो असायलाच हवा. मोठी मुले आणि नवी मुले उशिरापर्यंत एकत्र असतील तर देखरेख लागणार, हेही मान्य. सुरक्षारक्षकाला जादा तासांचे पैसे द्यावे लागतील. पण देखरेखीशिवाय नदीकाठी जाण्यापेक्षा देखरेखीखाली महाविद्यालयात असणे अधिक सुरक्षित, एवढी साधी गोष्ट नकार देताना लक्षात घेतली जात नाही. आवाराला कुलूप लावल्याने धोका टळत नाही, तो फक्त आवाराबाहेर जातो, आणि तिथे आमच्याकडे पाहायला कुणीही नसते.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, प्रत्येक महाविद्यालयाने जुलै ते सप्टेंबर या काळात निदान एक खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी, शिक्षकांनी आळीपाळीने तिथे थांबावे, आणि तालमीला असलेल्या मुलींची यादी वसतिगृहाकडे आधीच देऊन त्यांच्या परतीची वेळ तासभर वाढवावी. ही सोय नाटकापुरतीच नको. वादविवाद, खो-खो, गिर्यारोहण, विज्ञान मंडळ, ज्यांना एकत्र बसायचे आहे त्या सर्वांना ती मिळावी. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत आणि एका श्रेयांकासाठी प्रात्यक्षिकाचे ३० तास धरले जातात. तेवढे तास आमची कोणतीही मुलगी पहिल्या दहा-बारा दिवसांतच देते. श्रेयांक देणाऱ्या व्यवस्थेने ते तास घालवायला जागाही द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद आहे. मात्र मी अशी निवडणूक आमच्याकडे पाहिलेली नाही, त्यामुळे हे म्हणणे मांडायला अर्जाखेरीज दुसरी वाट आमच्याजवळ नव्हती. म्हणून आपल्या दैनिकाकडे वळले.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती. महाविद्यालयाच्या मेळाव्यांना आपण आवर्जून येता, आपल्या काळातल्या तालमींच्या आठवणी सांगता, त्या आम्ही मनापासून ऐकतो. यंदा येताना प्राचार्यांना सभागृहाची चावी कुणाकडे असते, एवढे विचारावे. आमच्या अर्जापेक्षा आपल्या प्रश्नाला उत्तर लवकर मिळेल.

यंदा आमची एकांकिका उसतोडणी कामगारांच्या वस्तीवरच्या शाळेची आहे. पहिले वाचन येत्या सोमवारी सायंकाळी सहा वाजता ठरले आहे. गेल्या वर्षी नाटक सोडावे लागलेल्या त्या मुलीला मी निरोप पाठवला आहे. जागा अजून मिळालेली नाही.

आपली विश्वासू,
तृतीय वर्ष विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी, पुणे