बाई, तुम्ही पिशवी उचललीत

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण मग तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून ते पिशवीत टाकलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. माझी अब्रू चारचौघांत गेली होती, तेव्हा आभारही चारचौघांतच मानते. रागावू नका.

आपल्या चर्चच्या मंडळीच्या हिशेबावरून माझ्याबद्दल जे उठलं ते कुणी उठवलं, कागद कुणी तपासले, बैठका किती झाल्या, हे इथे उगाळत नाही. काही निघालं नाही, एवढं पुरे. मला बोलायचंय ते मधल्या दिवसांबद्दल, कारण काही निघणार नाही हे फक्त मला माहीत होतं आणि बाकी सगळे वाट बघत होते.

त्या दिवसांत पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, वचनांचा दुष्काळ मात्र पडला नाही. रोज सकाळी मोबाइल उघडला की सूर्योदयाच्या चित्रावर एक, गुलाबाच्या चित्रावर एक. 'झाकलेले असे काही नाही की जे उघडे होणार नाही' असं एकीने पाठवलं, खाली जोडलेले हात. दुसरीने पाठवलं की देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, आणि त्याच संध्याकाळी फोन करून म्हणाली, "पण खरं काय ते मला तरी सांग." तिसरीने माझं नाव 'प्रार्थनेचा विषय' म्हणून घरोघरी पोचवलं. प्रार्थनेचा विषय म्हटलं की चुगली चुगली राहत नाही, ही सोय कुणी काढली कोण जाणे. एका जबाबदार माणसाने तर मला समोर बसवून सुनावलं की प्रीतीने सत्य बोलावं असं पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातच आहे, म्हणून ते बोलताहेत. त्यात सत्य किती होतं ते नंतर कळलंच. प्रीती शोधायला तपासणी लागली नाही.

आणि बाई, ह्या सगळ्यांचं पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं आहे. संडे स्कूलपासून बक्षिसं घेत आलेली माणसं आहेत ही. अध्याय सांगा, वचन सांगा, धडाधड म्हणून दाखवतील. म्हणून तर जास्त लागलं. ज्याला शास्त्र माहीतच नाही त्याने काहीही बोलावं, आपण सोडून देतो.

मग ती बहिणींची सभा आली. मी मुद्दाम उशिरा पोचले, म्हणजे आधीच्या गप्पांत उभं राहायला नको. दार उघडल्याबरोबर बोलणं थांबलं. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण प्रत्येकीवर काही ना काही ठेवलेलं. छत्री, पर्स, गीतांचं पुस्तक. "इथे येणार आहे कुणीतरी," एकीने माझ्याकडे न बघता सांगितलं. तुम्ही दुसऱ्या रांगेत होता. शेजारच्या खुर्चीवर तुमची कापडी पिशवी, चष्म्याच्या डबीने एका बाजूला फुगलेली. तुम्ही ती उचललीत, मांडीवर घेतलीत आणि खुर्चीवर हाताने थोपटलंत. कुणाकडे मान वळवून बघितलं नाहीत. मी बसले. तुम्ही डबीतून चष्मा काढलात, पदराने पुसलात आणि सभा चालवणाऱ्या ताईंना विचारलंत, "आज वाचनाची पाळी हिची आहे ना?"

होती. दोन आठवड्यांपूर्वी ठरलेली होती, आणि सगळ्यांच्या सोयीने विसरली गेली होती.

तुमचं पवित्र शास्त्र माझ्यापुढे सरकवलंत आणि जिथून वाचायचं त्या ओळीवर बोट ठेवलंत. माझा आवाज फुटत नव्हता. मी अडखळले की तुमचं बोट त्या शब्दाशी थांबायचं, मी पुढे गेले की सरकायचं. मी काय वाचलं ते मला आज सांगता येणार नाही. तुमचं नख सांगता येईल, कडेला शाईचा डाग होता.

त्या संपूर्ण सभेत तुम्ही मला एकही वचन सांगितलं नाहीत. मी यायच्या आधी माझा विषय निघाला होता आणि तुम्ही "ती येईल, तिच्यासमोर बोला" एवढंच म्हणाला होता, हे मला फार नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशू हेच सांगतो. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा, तू आणि तो एकटे असताना त्याला त्याची चूक दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. मंडळीला सांगायची पाळी त्याच्याही नंतर. आमच्याकडे सुरुवातच शेवटच्या पायरीवरून झाली होती. तुम्ही ती पायरी कोणती हे बोलून दाखवलं नाहीत, तिथे उभं राहायला फक्त नकार दिलात.

घरी आल्यावर मला पंधरावं स्तोत्र आठवलं. आम्हा काहीजणींना तुम्ही पाठ करायला लावलं होतं ते. जेमतेम पाच वचनांचं. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, असा प्रश्न आहे आणि उत्तरात एकही धार्मिक विधी नाही. मनापासून खरं बोलणारा, जिभेने चुगली न करणारा, शेजाऱ्याची निंदा न करणारा, शपथ घेतल्यावर स्वतःचं नुकसान झालं तरी न बदलणारा, व्याजाने पैसा न देणारा, निर्दोष माणसाविरुद्ध लाच न घेणारा. तेव्हा आमच्यातली एक कुरकुरली होती की बाई, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे तेविसावं घेऊ या ना, हे कोरडं आहे. तुम्ही म्हणालात, "तेविसावं दुःखात आपोआप आठवतं. हे वेळेवर आठवावं म्हणून पाठ करायचं." मला तेव्हा तो शिक्षकी खाक्या वाटला होता. वेळेवर म्हणजे कुठल्या वेळेवर, ते त्या सभेत दिसलं. खुर्ची मागायला माणूस दारात उभा असतो तेव्हा पुस्तक उघडून संदर्भ शोधायला कुणाला सवड मिळते? पिशवी उचलायची की नाही हे तेवढ्यात ठरतं, आणि आत जे भरलेलं असेल त्याप्रमाणे ठरतं. लूकने लिहिलंच आहे, अंतःकरणात भरलेलं तेच तोंडावाटे निघतं. हाताचंही तेच असावं.

तुमची शिकवायची पद्धत मला तेव्हा जाचायची, हे सांगायला हरकत नाही. सुटं वचन तुम्ही कधी दिलं नाहीत. द्यायचा तो अख्खा परिच्छेद. यिर्मया एकोणतिसातलं ते सगळ्यांचं लाडकं वचन, तुमच्या हिताचे संकल्प माझ्याकडे आहेत असं सांगणारं, ते मला हवं होतं. तुम्ही मला वरून सुरुवात करायला लावलीत. ते पत्र आहे, बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, पकडून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं. त्यात आधी घरं बांधा, बागा लावा, त्या परक्या शहराचं हित चिंता असं सांगितलंय, आणि सुटका 70 वर्षांनी. सत्तर! ते पत्र हातात धरलेल्या कितीतरी जणांना ती सुटका बघायला मिळाली नसणार. एवढं सगळं पाठ केल्यावर ते लाडकं वचन सूर्योदयाच्या चित्रावर टाकायचा धीर होत नाही. आणि तरी ते जास्त खरं वाटतं.

आकड्यांचं तुम्हाला कधीच कौतुक नव्हतं. आम्ही शब्द चुकलो तरी वचनाचा क्रमांक अचूक सांगायचो, तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत की अध्याय पडले तेराव्या शतकात आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे क्रमांक 1551 मध्ये एका छापखानेवाल्याने, रॉबेर एस्तियेनने, घातले. पौलाला स्वतःच्या पत्रातला एकही क्रमांक सांगता आला नसता. आणि ती बिशपांच्या निकियातल्या दुसऱ्या परिषदेची गोष्ट. 787 साली त्यांनी नियम केला की ज्याला स्तोत्रसंहिता नीट येत नाही त्याला बिशप करू नये. आणि शास्त्र वाचून तो त्याप्रमाणे वागतो का, हेही आधी विचारावं. आज हा नियम दुसऱ्या भागासकट लावला तर किती खुर्च्या रिकाम्या होतील, असं मी विचारलं होतं. तुम्ही हसला नव्हता, पण चष्मा काढून पुसला होतात.

सगळ्यात जास्त राग यायचा तो तुमच्या एका प्रश्नाचा. पाठ म्हणून दाखवलं की तुम्ही "शाब्बास" म्हणायच्या नाहीत. "कुठे अडलीस?" एवढंच. नाही अडले बाई, घडाघड म्हटलं. मग "पुन्हा म्हण, सावकाश." सावकाश म्हटलं की अडायला व्हायचंच. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं आहे तसं तू आम्हाला सोड, हे आपण सगळे किती भरभर म्हणून टाकतो! तुम्ही तिथे थांबवायचात आणि लगेच पुढची दोन वचनंही घ्यायला लावायचात, तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर पिताही तुम्हाला करणार नाही, ती. ती कोणीच पाठ करत नाही. प्रार्थना 'आमेन'ला संपते ना, आपणही तिथेच संपवतो.

वचन तोडून वापरण्याबद्दल तुमचा सगळ्यात कडक धडा मत्तय चारवरचा होता. येशू रानात मोहात पाडणाऱ्या सैतानाला तीनदा उत्तर देतो, तीनही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. तुम्ही आम्हाला समोरच्याचं पाठांतर तपासायला लावलंत. सैतानही वचनच बोलतो, एक्याण्णवावं स्तोत्र, देवदूत तुला हातांवर झेलतील. आणि नेमका तिथे थांबतो. त्याच स्तोत्रातली लगेच पुढची ओळ सिंह आणि सर्प पायांखाली तुडवण्याची आहे. "बघा, स्वतःची ओळ आली की गप्प," तुम्ही म्हणाला होता. त्या मधल्या दिवसांत मला जी जी वचनं आली, त्या प्रत्येकाची पुढची ओळ मी शास्त्र उघडून वाचली. प्रीतीने सत्य बोला म्हणणाऱ्यांसाठी तर त्याच अध्यायात खाली लिहिलंय, तुमच्या मुखातून काही कुजकं न निघो, ऐकणाऱ्याला ज्याची गरज तेवढंच निघो. तिथवर कुणी पोचलं नव्हतं.

मी कडवट होतेय का? होतेय थोडी. तुम्ही ओळखालच. पण हेही सांगते की त्या सभेनंतर मला माणसांतला चांगुलपणा दिसायला लागला, आधी मी तो मोठ्या शब्दांत शोधत होते. माझ्याशी नेहमीसारखंच भांडत राहिलेली शेजारीण. 'काही विचारत नाही, सोबतीला येते' म्हणून तपासणीच्या दिवशी बाहेर बसून राहिलेली मैत्रीण, जिने आयुष्यात पवित्र शास्त्र उघडलेलं नाही. तिला पंधरावं स्तोत्र कुणी शिकवलं? तुमच्याकडे ह्याचं उत्तर असेल. माझ्याकडे नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

आता सगळं निवळलंय. ज्यांच्या छत्र्या खुर्च्यांवर होत्या त्या हसून बोलतात, जणू मधे काही झालंच नाही. माफी कुणी मागितली नाही. सूर्योदय अजून येतात. गेल्या भेटीत तुम्ही मला पौलाच्या रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय पाठ करायला दिलात, 'प्रीती निष्कपट असावी' पासून अध्यायाच्या शेवटपर्यंत, आणि का दिलात ते मी विचारलं नाही. पौल तिथे स्वतः पाठांतरातूनच बोलतोय म्हणालात, सूड घेणं माझ्याकडे हे अनुवादातलं, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल हे नीतिसूत्रांतलं. ते दोन्ही झालेत. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद, शोक करणाऱ्यांबरोबर शोक, तेही तोंडपाठ झालंय.

त्याच्या आधीचं, छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या हे, सावकाश म्हणायला गेलं की गाडी पुढे सरकत नाही. रविवारी म्हणून दाखवायला येते. कुठे अडलीस म्हणून विचारू नका, आधीच सांगून ठेवते आहे.

तुमची,
दुसऱ्या रांगेतली विद्यार्थिनी