छेड कसली काढता?

महोदय,
गंभीर गोष्ट मऊ शब्दांत गुंडाळण्याची खोड जुनीच. हिरोशिमा-नागासाकी बेचिराख झाल्यावर १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानचे सम्राट हिरोहितो रेडिओवर बोलले. युद्धाची परिस्थिती जपानला अनुकूल ठरलीच असे नाही, म्हणाले! अख्ख्या भाषणात ‘शरणागती’ हा शब्द नव्हता.

ते राजकारण झाले. पण बसमध्ये कुणी मुलीच्या अंगाला हात लावतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ‘छेडछाड’ छापून येते, त्याचे काय? छेड सतारीच्या तारेची काढतात. मारहाणीची ‘किरकोळ बाचाबाची’ होते, तेही चीड आणणारेच. छळाला सरळ छळ म्हणा. ‘छेडछाड’ निदान मथळ्यातून तरी काढून टाका.

– एक वाचक