ठरलेलं राहतं बाजूला

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र वाचून आनंद झाला. अल्प मुदतीच्या मिशन सेवेसाठी तूही परदेशी निघायचं म्हणतोयस आणि विचारतोयस, तिकडे जुळवून घेणं जमतं का? जमतं. पण आपण कंबर कसून येतो एका गोष्टीसाठी आणि समोर उभी राहते भलतीच. हवा, जेवण, झोपेच्या वेळा, हे सगळं शरीर आपलं आपण निभावून नेतं. (लशी आणि औषधं मात्र वेळेवर घे. त्यात श्रद्धेची सबब पुढे करणाऱ्यांचं मी ऐकत नाही.)

मी मुलांच्या शिबिरासाठी आलो होतो, हे तुला ठाऊक आहेच. गाणी बसवली होती, चित्रं रंगवली होती. इथे पोचलो तर इथल्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, मंडळीतले एक वडीलधारे वारले आहेत, घरोघर भेटी चालू आहेत, शिबिराचं नंतर बघू. तुम्ही आमच्याबरोबर चला. गेलो. भाषा येत नाही, ओळखपाळख नाही. दुःखाच्या घरी एका बाजूला बसायचं, प्रार्थनेला मान खाली घालायची, निघताना म्हाताऱ्यांचे हात हातात घ्यायचे. आतून सारखं टोचत होतं, आपण यासाठी का आलो? पुढे शिबिर झालं, ठरल्यापेक्षा बरंच लहान. तेव्हा त्याच घरातल्या एक आजी नातवंडांना घेऊन आल्या आणि जागा रिकाम्या असूनही माझ्या शेजारी येऊन बसल्या. मुलं मला घाबरली नाहीत ती त्यांच्यामुळे.

बेत बदलला की आपल्याला वाटतं, सेवा अडली. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय पुन्हा काढून वाच. प्रेषित पौलाला आशियात (म्हणजे तेव्हाच्या रोमी प्रांतात) वचन सांगायला मनाई होते, बिथुनियाची वाट बंद होते, म्हणून तो त्रोवसला येतो आणि तिथे रात्री त्याला मासेदोनियाचा माणूस दिसतो. इथवर आपण सगळे सांगतो. पण दृष्टांतात दिसला पुरुष, आणि फिलिप्पैला पोचल्यावर भेटल्या नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका. त्यांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया. पुढे फटके आणि तुरुंग. म्हणजे देवाने दाखवलेल्या वाटेवरसुद्धा पौलाला डोक्यातलं चित्र बदलावं लागलंच.

दुभाष्याचंही सांगतो. संदेश देताना आपण दोन वाक्यं बोलतो आणि थांबतो. तो कधी अर्ध्यात आटोपतो, कधी बराच वेळ बोलत राहतो. लोक हसतात, आणि आपण विनोद केलेलाच नसतो! सुरुवातीला मी कासावीस व्हायचो. मग आदल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून संदेशाचा मुद्दा समजावू लागलो. तो सरळ सांगतो, हे उदाहरण इथे कुणाला कळणार नाही, हे गाळा. गाळतो. संदेश आखूड होतो आणि चांगला होतो.

कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानवशास्त्रज्ञाने 1954 साली रिओ दि जानेरोत परदेशी राहणाऱ्यांपुढे एक भाषण केलं होतं. 'कल्चर शॉक', म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर होणारी घालमेल, ही कल्पना लोकांपर्यंत पोचली ती मुख्यत्वे त्यातून. त्याच्या मते पहिला टप्पा नवलाईचा, काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंतचा. दुसरा चिडचिडीचा: आपल्याच देशाची माणसं गाठून इथल्या लोकांच्या तक्रारी करत बसायचं. आता आपल्यासारख्यांचा हिशोब मांड. दोन आठवड्यांसाठी येणारा बहुधा नवलाईतच परत जातो आणि घरी सांगतो, सगळं कसं सुंदर! काही महिने राहणारा ऐन चिडचिडीत विमानात बसतो. दोघांनाही ती जागा नीट दिसलेली नसते. म्हणून परतल्यावर लगेच ठाम मतं सांगत सुटू नये, असं माझं म्हणणं. आणि आपल्या गटाची संध्याकाळची बैठक तक्रारींकडे वळली की उठून मंडळीतल्या कुणाकडे तरी जावं.

जुळवून घेण्याची गोष्ट निघाली की हडसन टेलर या इंग्रज मिशनऱ्याचं नाव येतंच. 1854 मध्ये तो चीनला पोचला आणि पुढच्याच वर्षी चिनी पोशाख घालून आणि शेंडी ठेवून फिरू लागला. बाकीच्या युरोपियनांनी त्याची टर उडवली. मला तो माणूस आवडतो, पण त्याचा दाखला थोडक्या मुदतीच्या माणसाने जपून घ्यावा. त्याने आयुष्य तिथे काढलं. आपण आठवडाभरात इथला पोशाख चढवला, तर ते फोटोपुरतं होण्याची भीती जास्त. आपल्याला जमण्यासारखं साधं आहे. उपासना उशिरा सुरू झाली तर घड्याळ बघू नये. पैशांचे निर्णय इथल्या वडीलमंडळींवर सोडावेत. 'आमच्याकडे असं करतात' हे वाक्य तोंडातच ठेवावं. ही मंडळी आपण यायच्या आधी होती, नंतरही असणार आहे.

एक अवघड भाग उरतो, घरच्या मंडळीला पाठवायचा अहवाल. ज्यांनी पैसे दिले, प्रार्थना केल्या, त्यांना शिबिराचे आकडे हवे असतात. मी जे झालं ते लिहिलं: इतके दिवस शिबिर नव्हतं, लोकांच्या घरी बसलो होतो. एकदोघांना ते रुचलं नाही, हे पत्रांवरून कळलं. बाकीच्यांनी त्या कुटुंबासाठी नाव घेऊन प्रार्थना केली.

तुझी संस्था ठरली की तिच्यामार्फत तिथल्या पाळकांचा पत्ता मिळव आणि तयारीला लागण्याआधी त्यांना विचार, तुम्हाला आमच्याकडून काय हवंय? उत्तराला वेळ लागेल. तोवर गाणी बसवू नकोस. मात्र त्यांच्या भाषेत नमस्कार, आभार आणि 'मला समजलं नाही' एवढं पाठ कर. तिसरं सगळ्यात जास्त लागतं.

घरी सर्वांना सलाम सांग. तारखा कळव.

तुझा,
जिवलग मित्र