पोस्टडॉक म्हणजे डिग्री नव्हे

संपादक साहेब, नमस्कार,

मध्ये तुमच्या पेपरात एका मुलीच्या कौतुकाची बातमी आली होती, त्यात 'पोस्टडॉक ही पदवी मिळवली' असं छापलंय, म्हणून लिहितोय. अहो ती पदवी नाहीच! पीएचडी झाल्यावर एखाद्या प्रोफेसरच्या लॅबमध्ये ठरावीक मुदतीची रिसर्चची नोकरी करतात ती, आणि ती करणाऱ्या माणसालाही पोस्टडॉकच म्हणतात. म्हणजे 'ती जर्मनीत पोस्टडॉक करते' पण बरोबर आणि 'ती पोस्टडॉक आहे' पण बरोबर, पण गाऊन-टोपी, पदवीदान वगैरे काही नसतं, मुदत संपली की पुढची जागा शोधत फिरायचं.

आपल्याकडे कागदावर हा शब्द कमीच दिसतो. तिथे रिसर्च असोसिएट असतं (२०२३ पासून केंद्राच्या रेटने महिना ५८,००० ते ६७,००० आणि वर एचआरए, तोही वेळेवर आला तर) नाहीतर पोस्ट डॉक्टरल फेलो, त्याचं शॉर्टमध्ये पीडीएफ. माझ्या मुलाने 'मी आता पीडीएफ आहे' सांगितलं तर आमचे मेव्हणे म्हणाले, मग व्हॉट्सॲपवर पाठव की!

हसलो सगळे, पण सोसायटीत अजून विचारतात शिक्षण कधी संपणार म्हणून. ३३ वर्षांचा झालाय तो, शिकत नाहीये, रिसर्चचे पेपर लिहितो, ज्युनियर पोरांचे प्रयोग सांभाळतो.

नुसतं 'पीएचडीनंतर संशोधन करते' छापलं असतं तरी चाललं असतं हो.

एक वाचक, पुणे