खिशातला हात

काका,

सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले असते तर "चल, चहा सांग" म्हणत तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे असं, चारचौघांत. बाबांना विचारूनच लिहितेय.

बाबा ठाण्याच्या उपवन तलावावर फिरायला येऊ लागले ते माझ्या कटकटीला कंटाळून. उजवा हात कायम पँटच्या खिशात. पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान होऊन दीड वर्ष झालं होतं. ३५ वर्षं फळ्यावर गणित शिकवलेला माणूस, पण अक्षर इतकं बारीक झालं की दुधाच्या हिशेबाची वही आम्हाला भिंग घेऊन वाचावी लागे. मग सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. "आजोबा, नीट करा ना सही," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. त्याच्या परीने तो चांगलंच बोलला असेल. बाबांनी त्यानंतर लग्नकार्याला जाणंही सोडलं.

तुम्ही तलावाच्या पायऱ्यांपाशी एकटेच हवेत ठोसे मारायचात. रेल्वेच्या कळवा कारशेडमधून रिटायर झालेले, तरुणपणी बॉक्सिंग करताना नाकाचं हाड मोडून घेतलेले. ओळख होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच विचारलंत, "मास्तर, खिशात काय दडवलंय?" खरं सांगू? मला तुमचा भयंकर राग आला होता. बाबा गप्प. तुम्ही उत्तराची वाट न बघता अटलांटाची गोष्ट सुरू केलीत.

१९ जुलै १९९६. ऑलिम्पिकची ज्योत कोण पेटवणार हे शेवटपर्यंत गुपित. जलतरणपटू जॅनेट इव्हान्स मशाल घेऊन वर पोचली आणि पांढऱ्या कपड्यांतला बॉक्सर मोहम्मद अली पुढे झाला. एका हातात मशाल, दुसरा हात थडथड उडतोय. ज्याची जीभ ठोशांच्या आधी समोरच्याला घायाळ करायची, त्याचा चेहरा दगडासारखा. "अख्खं जग बघत होतं," तुम्ही म्हणालात, "पण पठ्ठ्याने हात लपवला नाही."

त्या दिवशी बाबांनी हात बाहेर काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी चपला घालून दारात उभे होते.

मग रोज अलीची एक गोष्ट. १९६७ मध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला, विजेतेपद काढून घेतलं गेलं, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ती १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली, पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली ती गेलीच. १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात रिंगच्या दोरांना रेलून जगज्जेत्या फोरमनला कसा दमवला, ते तुम्ही बाकाला रेलून करून दाखवलंत. फिरायला आलेल्या बायका थांबून बघत होत्या. प्रतिस्पर्धी फ्रेझरला तो नको नको ते बोलला, तेही झाकलं नाहीत. "तिथं चुकला तो," म्हणालात.

बाबांच्या मनात घर केलं ते बगदादने. १९९० मध्ये इराकने अमेरिकनांना ओलीस धरलं होतं. अलीलाही बाबांचाच आजार; तो कळून तेव्हा सहा वर्षं झाली होती. तो तिथे गेला, सद्दामच्या भेटीसाठी ताटकळत राहिला. जवळची औषधं संपली तरी हलला नाही, आणि १५ जणांना सोडवून घेऊन परतला. बाबांची गोळी अर्धा तास चुकली तर काय होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी जेवताना ते मध्येच म्हणाले, "गोळीशिवाय थांबला गं तो." पुढे काही नाही.

बाबांनी तुमच्यासारखे ठोसे मारायला माझा विरोध होता. डोक्यावरच्या माराने अलीला हा आजार झाला का, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. पण आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, समोर कुणी नको, तोल सांभाळा, मग हरकत नाही. ठोशागणिक मोठ्याने पाढा म्हणायची शक्कल मात्र तुमचीच. बाबांचा आवाज खोल गेला होता, फोनवर तर ऐकूच यायचा नाही. आता सकाळी सहाला एकोणिसाचा पाढा तलावापलीकडे ऐकू जातो.

आणि तो चहा. टपरीवाल्याला तुम्ही डोळ्यांनी खुणावता आणि सांडू नये म्हणून बाबांचा ग्लास अर्धाच भरून येतो. हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं इतकंच.

आजार काही कमी झालेला नाही, मध्यंतरी डोस वाढलाच. पण परवा बाबा आपण होऊन बँकेत गेले, नवीन सहीचा नमुना द्यायला. हात कार्डावर टेकवून एकेक अक्षर काढत होते. मागे रांग लागली, कुणीतरी च्यक् च्यक् केलं. मी पुढे होणार तेवढ्यात बाबा मान वर न करता म्हणाले, "होतंय." तलावावरच्या आवाजात.

उद्या एकोणतिसाचा पाढा आहे. तुम्हाला येत नाही, हे त्यांना माहीत आहे. पाठ करून या.

आपली,
मास्तरांची धाकटी